नवा क्वार्टरबॅक खेळवायचा की बसवायचा? एका न संपणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४. अमेरिकन फुटबॉलच्या नव्या हंगामाचे जेमतेम दोन सामने झाले होते आणि कॅरोलिना पँथर्सने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, ब्राइस यंग याला बाकावर बसवलं. जेमतेम दीड वर्षापूर्वी याच यंगला मिळवण्यासाठी त्यांनी शिकागो बेअर्सशी मोठा सौदा केला होता. कॉलेजातले खेळाडू संघ आळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांत निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२३ आणि २०२४ची पहिल्या फेरीची निवड, दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या दुसऱ्या फेरीच्या निवडी आणि वर डी. जे. मूरसारखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू), एवढं सगळं देऊन २०२३च्या ड्राफ्टमधली पहिली निवड घेतली होती. पहिल्या हंगामात यंग सोळा सामने खेळला, त्यातले चौदा हरला आणि तब्बल ६२ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच आडवा केला गेला. अकरा सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांची हकालपट्टी झाली. नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस आले आणि दोनच सामन्यांनंतर त्यांनी छत्तिशीतल्या अँडी डाल्टनला मैदानात उतरवलं.

चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोरगं मुळातच कमी पडतंय, उंची कमी, हात कमजोर. दुसऱ्याचं म्हणणं, क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी गळकी, प्रशिक्षक बदललेले, रिसीव्हर नाहीत, तर बिचारा करणार काय? संघांची नावं बदला, वर्ष बदला, हाच वाद पन्नास वर्षं जसाच्या तसा सापडेल. मात्र २०११ नंतर त्याच्या मुळाशी एक वेगळीच गोष्ट येऊन बसली आहे आणि ती मैदानावर दिसत नाही.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा, त्यामुळे थोडं आधी सांगायला हवं. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याने समोरचा बचाव वाचायचा, चार-पाच धावणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होणार हे ताडायचं आणि पास टाकायचा. तोवर शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात. कॉलेजात हे काम बरंच सोपं करून दिलेलं असतं. कितीतरी संघांत प्रशिक्षक बाजूला उभा राहून खुणांनी डाव सांगतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, १९९४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आहे खरा, पण डाव सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचं सगळं त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात.

शिकायला दुसरी जागाही नाही. क्रिकेटपटूला रणजी आहे, बेसबॉलपटूला मायनर लीग आहे. एनएफएलची तशी एकच सोय होती, एनएफएल युरोप. कर्ट वॉर्नर ॲमस्टरडॅमच्या संघातून खेळून सेंट लुइसला आला आणि पुढच्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ती लीग २००७ मध्ये बंद पडली. तेव्हापासून नवा क्वार्टरबॅक एकतर सरावात शिकतो किंवा लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत चुकत शिकतो.

त्यात ड्राफ्टची रीतच अशी की सर्वांत वाईट संघाला पहिली निवड. म्हणजे सर्वांत गुणी मुलगा बहुधा सर्वांत मोडक्या घरात जाऊन पडतो.

१९७० मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने टेरी ब्रॅडशॉला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी त्याचे ६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि २४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). आज असे आकडे आले तर गावात राहणं मुश्कील होईल. तेव्हाही लोकांनी त्याला बिनडोक ठरवलंच होतं. १९७४चा हंगाम सुरू झाला तेव्हा, म्हणजे पाचव्या वर्षी, तो बाकावर होता आणि जो गिलियम खेळत होता. पुढे ब्रॅडशॉ परत आला आणि त्याच हंगामापासून सहा वर्षांत स्टीलर्सने चार सुपर बोल जिंकले. धीर धरा म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. गिलियम कृष्णवर्णीय होता. त्याने सुरुवात केलेल्या सहा सामन्यांत चार विजय, एक पराभव, एक बरोबरी. तरी त्याला बसवलं, आणि मधल्या काळात द्वेषाने भरलेली पत्रं आणि जिवे मारण्याच्या धमक्या त्याच्या वाट्याला आल्या. त्याला परत तशी संधी मिळाली नाही. वॉरन मून १९७८ मध्ये कॉलेजातून बाहेर पडला तेव्हा एनएफएलच्या कुठल्याच संघाने त्याला ड्राफ्ट केलं नाही. तो कॅनडात एडमंटनकडून सहा हंगाम खेळला, पाच वेळा तिथला ग्रे कप जिंकला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला. जुन्या काळी पोरांना वेळ द्यायचे असं म्हणताना कोणाला द्यायचे, हेही विचारायला हवं.

पुढची दोन दशकं पाण्यात ढकलून पोहायला शिकवण्याची. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये डॅलससाठी अकरा सामने खेळला आणि अकराही हरला. नंतर तीन सुपर बोल. पेटन मॅनिंगचं पहिलं वर्ष १९९८, संघाचे तेरा पराभव, त्याचे २८ इंटरसेप्शन, नवख्या खेळाडूचा तो विक्रमच. पुढच्या वर्षी तोच संघ तेरा सामने जिंकला. त्या काळापासून प्रत्येक अपयशी नवख्याच्या बचावाला मॅनिंगचे हे २८ उभे केले जातात. माझ्या मते हा युक्तिवाद फसवा आहे. मॅनिंगने त्या वर्षी २६ टचडाउन पासही टाकले होते आणि पासमधून ३,७०० यार्डांचा टप्पा ओलांडला होता. चुका होत्या, पण त्या चुकांमधून क्वार्टरबॅक दिसत होता.

उलट टोकाला डेव्हिड कार. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नव्याने उभा राहिला आणि त्यांनी पहिली निवड कारवर खर्च केली. पुढची फळी नावालाच होती. तो एका हंगामात ७६ वेळा सॅक झाला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. टेक्सन्सकडून पाच वर्षं खेळून तो गेला तेव्हा त्याच्या खेळात पास टाकण्याच्या आधीच अंग चोरण्याची सवय शिरली होती, असं त्याला पाहिलेले बरेच जण सांगतात. मारामुळे खेळाडू बिघडतो, की बिघडण्यासारखा असलेलाच मार खातो? चाहत्यांमधला सर्वांत कडवट वाद आजही इथेच होतो.

या वादाला जणू प्रयोगशाळा मिळाली ती २००५ मध्ये. ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने ॲलेक्स स्मिथला घेतलं. ॲरन रॉजर्स टीव्ही कॅमेऱ्यांसमोर तासन्‌तास ताटकळत बसला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. स्मिथ लगेच खेळला. पहिल्या वर्षी एक टचडाउन पास, अकरा इंटरसेप्शन. त्यानंतर त्याचे आक्रमण प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलत गेले. प्रत्येक जण नवी परिभाषा घेऊन आला. रॉजर्स मात्र ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसला, एकाच पद्धतीत मुरला. आणि गंमत म्हणजे २००५ मध्ये स्मिथला शिकवणारे माइक मॅकार्थी पुढच्याच वर्षी ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि रॉजर्सला त्यांनी घडवलं. २००८ मध्ये फार्वला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडून पॅकर्सने रॉजर्सला उभं केलं. पहिल्या वर्षी सोळातले फक्त सहा विजय. ग्रीन बेचे लोक चिडले. त्यांना एकामागून एक २५३ सामने सलग उभा राहणारा फार्व हवा होता. फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सने सुपर बोल आणला आणि तक्रारी संपल्या.

स्मिथचं पुढे बरं झालं. २०११ मध्ये जिम हार्बॉ आले, स्थिर पद्धत मिळाली आणि संघ तेरा सामने जिंकला. म्हणजे सहा वर्षं जो वाया गेलेला मानला, तो तसा नव्हताच. त्याच्याविषयीचा निकाल चाहत्यांनी २००७ मध्येच लावून टाकला होता, इतकंच.

बसवलं की खेळाडू घडतोच, असं मात्र मानायचं कारण नाही. टेनेसीने २०११ मध्ये आठव्या क्रमांकावर घेतलेल्या जेक लॉकरला पहिलं वर्ष मॅट हॅसलबेकच्या मागे शांतपणे बसवलं होतं. चार वर्षांत लॉकर निवृत्त झाला. डेन्व्हरने पॅक्स्टन लिंचलाही घाई केली नव्हती. रॉजर्सची गोष्ट सगळ्यांना आठवते, लिंचची कोणाला नाही.

आता तो न दिसणारा भाग. २०१० पर्यंत नवख्यांचे करार वाटाघाटींत ठरायचे आणि दरवर्षी फुगत चालले होते. सॅम ब्रॅडफर्डला त्या वर्षी सेंट लुइसने सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल केले, त्यातले ५ कोटी हमीचे. एकदाही एनएफएलचा पास न टाकलेल्या मुलाला. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला आणि नवख्यांच्या पगारावर ठरलेली चौकट आली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर, आणि ती मर्जी तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला कळवायची.

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा असते. मुरलेला अव्वल क्वार्टरबॅक आज वर्षाला साडेपाच-सहा कोटी डॉलर घेतो. नवखा पहिल्या क्रमांकाचा असला तरी सरासरी एक ते दीड कोटीच. म्हणजे नवखा जर चांगला निघाला, तर दरवर्षी चार-साडेचार कोटी बाकी संघावर खर्चायला मोकळे. सिअ‍ॅटलने तिसऱ्या फेरीत उचललेला रसेल विल्सन दुसऱ्याच वर्षी सुपर बोल जिंकून बसला, तो असाच बाजूला भक्कम बचाव विकत घेता आला म्हणून. हे पाहिल्यावर स्वस्त वर्षं बाकावर घालवायला कोण तयार होणार?

आणि त्याच करारात एक उलटी गोष्टही होती. खेळाडूंची शरीरं वाचावीत म्हणून सरावच कमी केला गेला. दिवसातून दोनदा पॅड घालून सराव बंद, हंगामात पॅडसह फक्त चौदा सराव, उन्हाळ्यातला कार्यक्रम आखूड. निर्णय योग्यच होता. पण परिणाम असा की शिकण्याची वेळ घटली आणि निकाल लावण्याची तारीख अलीकडे आली, दोन्ही एकाच कागदावर. चाहते धीर आणि प्रतिभा यांवर तावातावाने भांडतात, तेव्हा मला वाटतं ते बहुतेकदा नकळत या कलमांवरच भांडत असतात.

ग्रीन बेने तरीही जुनी वाट धरली आणि तिची किंमत मोजली. २०२० मध्ये त्यांनी जॉर्डन लव्हला घेतलं. रॉजर्सने रागाने की कशाने, त्या आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. लव्ह तीन वर्षं बसला. २०२३ मध्ये तो उभा राहिला, सुरुवातीच्या नऊ सामन्यांत तीनच विजय मिळाले, मग गाडी रुळावर आली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, डॅलसला त्यांच्याच मैदानात ४८-३२ असं हरवलं. एवढ्या एका वर्षाच्या पुराव्यावर पॅकर्सना चार वर्षांचे २२ कोटी डॉलर द्यावे लागले. स्वस्तातली बहुतेक वर्षं बाकावर संपून गेली होती.

कॅन्सस सिटीने मधला मार्ग काढला. २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्सला घेऊन एक वर्ष बसवलं. कोणाच्या मागे? त्याच ॲलेक्स स्मिथच्या, जो आता लीगमधला एक सुरेख क्वार्टरबॅक झाला होता. २०१८ मध्ये महोम्सने ५० टचडाउन पास टाकले. त्याच सुमारास बफेलोच्या जॉश ॲलनने तिसरा पुरावा दिला. पहिल्या वर्षी शंभरातले जेमतेम ५३ पास अचूक, तिसऱ्या वर्षी ६९. अचूकता शिकवता येत नाही, असं तोवर जाणकार छातीठोकपणे सांगत असत. आता कुठलाही नवखा चुकला की त्याचे पाठीराखे ॲलनचं नाव घेतात. पण ॲलनचा प्रशिक्षक, आक्रमणाची पद्धत आणि व्यवस्थापन सुरुवातीची चार वर्षं बदललं नव्हतं, हा तपशील या वादात हरवतो.

वाद घालण्याची साधनंही दरम्यान बदलली. २०१२ पासून सगळे बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून केलेलं चित्रण चाहत्यांना पैसे भरून पाहता येऊ लागलं. त्याआधी टीव्हीवर फक्त चेंडूच्या आसपासचं दिसायचं. कोण मोकळा होता आणि क्वार्टरबॅकने कोणाकडे पाहिलंच नाही, हे प्रशिक्षकांनाच ठाऊक. आता प्रत्येक सॅक थांबवून, मागे नेऊन तपासता येतो. भांडण मिटलं मात्र नाही, जास्त तपशीलवार झालं.

न्यूयॉर्क जेट्सच्या सॅम डार्नल्डने २०१९ मध्ये न्यू इंग्लंडकडून ३३-० मार खाताना बाकावर बसून ‘मला भुतं दिसतायत’ म्हटलं, ते माइकमध्ये टिपलं गेलं आणि देशभर ऐकवलं गेलं. त्याचं करिअर तिथेच संपलं, असं म्हणणारे बरेच होते. २०२४ मध्ये त्याच डार्नल्डला घेऊन मिनेसोटा चौदा सामने जिंकला. कॅरोलिनाचा यंगही परतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका गाडीच्या अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला, म्हणून यंगला पुन्हा उतरवलं आणि हंगामाच्या उत्तरार्धात तो स्पष्टपणे वेगळा खेळला. बाकावरच्या पाच आठवड्यांनी फरक पडला की दुसऱ्या वर्षाच्या अनुभवाने, यावर पँथर्सच्या शार्लट शहरात एकमत नाही.

आणि त्या सौद्यात शिकागोला काय मिळालं? कॅरोलिना इतकी हरली की तिची २०२४ची निवड थेट पहिल्या क्रमांकाची ठरली. तीवर बेअर्सने केलेब विल्यम्सला घेतलं. ज्या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकने तोवर कधी एका हंगामात ४,००० यार्ड गाठले नव्हते, ज्यांनी २०१७ मध्ये महोम्सला सोडून मिच ट्रुबिस्कीला निवडलं होतं, त्यांच्या चाहत्यांना धीर धरा हे कोणी सांगायचं? पहिल्याच हंगामात विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला. नोव्हेंबरमध्ये आधी आक्रमण प्रशिक्षक शेन वॉल्ड्रन गेले, मग मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लस. हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची बेअर्सची ती पहिलीच वेळ.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी बेन जॉन्सन यांना आणलं. डेट्रॉइटमध्ये जॉन्सन यांनी जेरेड गॉफचा खेळ उभा केला होता. तो गॉफ, ज्याने २०१६ मध्ये नवखा असताना सातपैकी सातही सामने गमावले होते. पाठोपाठ मार्चमध्ये बेअर्सने जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन असे पुढच्या फळीतले तीन मुरलेले खेळाडू घेतले. विल्यम्स स्वस्त होता म्हणून त्यांना ते परवडले. त्याच्या पाचव्या वर्षाबद्दलचा निर्णय बेअर्सना मे २०२७ मध्ये कळवायचा आहे.