खोक्याबाहेरचं ‘साउंड कार्ड’

जळगाव-धुळ्याकडे दुकानात ‘साउंड कार्ड द्या’ म्हटलं की काउंटरवर तीनपैकी काहीही येऊ शकतं: बोटभर यूएसबी डोंगल, मोबाइलवरून लाइव्ह जाणाऱ्यांचं रंगीत बटणांचं व्ही-८, किंवा खरा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारी रेकॉर्डिंगची डबी. घरच्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करणारी पोरं तिन्हींना एकाच नावानं ओळखतात.

१९८९ साली कॉम्प्युटरला आवाज देणारं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा ते खरोखरच कार्ड होतं, मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसायचं. पुढे आवाजाची चिप मदरबोर्डवरच आली. कार्ड गेलं, नाव राहिलं. १९९८ मध्ये यूएसबी ऑडिओचं पहिलं प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे तांत्रिक नियम, ठरलं आणि तेच काम केबलच्या टोकाला लावलेल्या डबीकडे गेलं, तरी नाव बदललं नाही.

इथेच नुकसान होतं. इंटरफेसमध्ये माइकचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअँप असतो आणि कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच केबलमधून जाणारी वीज, असतो. डोंगलमध्ये हा पुरवठा नसतोच, स्वस्त व्ही-८मध्येही सहसा नसतो. पैसे साठवून स्टुडिओचा कंडेन्सर माइक आणायचा, त्याला ‘साउंड कार्ड’ म्हणून व्ही-८ जोडायचं, आणि आवाज आलाच नाही की माइकला नावं ठेवायची, असं आपल्याकडे फार होतं. दुकानदारानं आधी ‘माइक कोणता आहे?’ एवढं विचारलं तरी गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील.

ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरला डबीची ओळख करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, दुखणं वेगळं. यूएसबी ऑडिओचं दुसरं प्रमाण २००६ मध्ये आलं, पण विंडोजला ते स्वतःहून ओळखायला २०१७ उजाडलं. मॅकवर ते कितीतरी आधी चालत होतं. ही दिरंगाई समर्थनीय नव्हती. मधल्या काळात अशा डब्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या भरवशावर चालल्या. विंडोज बदललं आणि नवा ड्रायव्हर आला नाही, की धडधाकट डबी माळ्यावर.

आवाजाच्या उशिराचा प्रश्न त्याहून जुना. १९९७ चं एएसआयओ हे ड्रायव्हरचं प्रमाण त्यासाठीच आलं. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ५१२ नमुन्यांचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) धरला तर सुमारे १२ मिलिसेकंद जातात, तेही जाताना एकदा आणि परतताना पुन्हा. कानबाई देवीचं गाणं म्हणणाऱ्या बाईला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून यायला लागला की तिचा ठेका सुटतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की तिचा आवाज कॉम्प्युटरचा फेरा न मारता थेट तिच्या कानात पोचतो.