बाटलीच्या बुडाचं पातं

उत्खननात फुटक्या बाटलीची काच निघाली की पूर्वी ती बहुधा बाजूला टाकली जाई. अलीकडचा कचरा, त्यात काय पाहायचं! ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किम्बर्ली भागात मात्र अशाच काचेची भाल्याची पाती मिळतात: पानासारखी निमुळती, पातळ, करवतीसारख्या दातेरी कडांची. तिथले आदिवासी कारागीर आधी ती दगडाची करत. गोरे वसाहतवाले आले, त्यांच्या मागून बाटल्या आल्या आणि कारागिरांनी कच्चा माल बदलला.

तोही पारखून. काचेत स्फटिकांचे कण नसतात, त्यामुळे दाब देऊ तिकडे भेग शिंपल्याच्या पाठीसारखी वळत जाते. चांगला दगडही असाच फुटतो, पण तो सगळीकडे मिळत नाही. बाटलीचं अंग पातळ नि गोल, म्हणून निवड बुडाची. आधी ठोकून ओबडधोबड आकार द्यायचा, मग हाडाच्या टोकानं कडेवर दाबत एकेक बारीक छिलका उडवायचा. जोर जरा जास्त झाला की पातं मधोमध तुटलंच.

1872 मध्ये ॲडलेड ते डार्विन अशी सुमारे 3200 किलोमीटरची तारेची लाइन पूर्ण झाली. तिच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटरही मग पात्यांसाठी उतरू लागले. तारखात्याला काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

संग्राहकांना ही पाती फार आवडत. काचेची बरीचशी मोठी, देखणी पाती खास त्यांना विकण्यासाठीच घडवली गेली, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर संग्रहालयात ‘आदिम’ म्हणून मांडलेली वस्तू गिऱ्हाईक ओळखून केलेली होती! मला तरी यातला सर्वांत मजेचा भाग हाच वाटतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरासमोरच्या रॉटनेस्ट बेटावरची गोष्ट वेगळी. तिथले आदिवासी नूंगार लोक त्याला वाजेमप म्हणतात. 1838 पासून तिथे आदिवासींचा तुरुंग होता. सुमारे 3700 पुरुष आणि मुलगे तिथे डांबले गेले, काही तर थेट किम्बर्लीतून आणलेले. शेकडो जण तिथेच मेले. त्या बेटाच्या मातीतही काचेचे छिलके आणि पाती सापडली आहेत. पायाखाली येऊन फुटलेल्या काचेवरचे टवके वेडेवाकडे, कुठेही उडालेले असतात. हातानं घडवलेल्या काचेवर ते कडेनं ओळीत, जवळजवळ एका मापाचे असतात. बेटावरच्या त्या काचेवर ते ओळीत आहेत.