नखातील यीस्टची जात ओळखणे

नखाला झालेल्या बुरशीसंसर्गामागे यीस्ट म्हणजेच किण्व असेल, तर ते नेमके कोणत्या जातीचे आहे हे ठरवण्याची प्रयोगशाळेतील प्रक्रिया. नखांची बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रमसारख्या त्वचाकवकांमुळे होते. यीस्टचा वाटा त्याहून कमी आहे. मात्र पायांपेक्षा हाताच्या नखांत ते जास्त सापडते. सतत पाण्यात हात घालून काम करणाऱ्यांचे नखुरडे चिघळत राहते, नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ त्वचा सुटते आणि त्या फटीतून यीस्ट आत शिरते. नखात मुख्यतः कॅन्डिडा वंशातील अल्बिकान्स, पॅराप्सिलोसिस, ट्रॉपिकॅलिस, ग्लॅब्राटा, क्रुसाय आणि गिलियरमोंडी या जाती आढळतात.

खरी अडचण नाव शोधण्याच्या आधीच येते. पॅराप्सिलोसिस निरोगी माणसाच्या हातावर आणि नखाखालीही राहते. त्यामुळे प्रयोगशाळेतील बशीत यीस्ट उगवले एवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही. नख ७० टक्के अल्कोहोलने पुसून, वरवरचा चुरा टाकून देऊन, रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेजवळची खरवड घ्यावी लागते. तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की केराटिन हे नखाचे कठीण प्रथिन मऊ होऊन पारदर्शक होते. सूक्ष्मदर्शकाखाली कोंब फुटलेल्या अंडाकृती पेशी आणि त्यांच्या लांबट माळा, म्हणजे छद्मतंतू, नखाच्या खवल्यांमध्ये गुंतलेले दिसले तर संशय बळावतो. पुन्हा घेतलेल्या नमुन्यातही तीच जात वाढली, तर निदान अधिक भरवशाचे ठरते.

खरवड साबुरो माध्यमावर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या पोषक थरावर, पेरतात. त्वचाकवकांना तीन-चार आठवडे लागू शकतात, यीस्टच्या मलईसारख्या वसाहती दोन-तीन दिवसांत दिसू लागतात. इथे एक चूक सहज होते. इतर बुरशा रोखण्यासाठी माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालतात, पण ग्लॅब्राटा आणि क्रुसाय यांसारख्या जातीही त्याने दबतात. म्हणून हे द्रव्य नसलेल्या माध्यमाची दुसरी परीक्षानळी सोबत ठेवलीच पाहिजे.

सर्वांत स्वस्त आणि जलद कसोटी अंकुरनलिकेची. वसाहतीचा कण रक्तद्रवात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवतात. अल्बिकान्सच्या पेशीतून सरळ नळी निघते आणि तिच्या बुडाशी आवळल्यासारखी खाच नसते. ट्रॉपिकॅलिसच्या फुटव्याला ती खाच असते; तिथेच नवशिक्याची नजर फसते. १९९५ मध्ये वर्णन झालेली डब्लिनिएन्सिस ही कॅन्डिडाची जातही अशीच नळी काढते, त्यामुळे ही कसोटी एकटी पुरत नाही. जातीनुसार वसाहतींना वेगळा रंग देणाऱ्या रंगदर्शी माध्यमावर अल्बिकान्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, तर क्रुसाय खरबरीत गुलाबी उमटते; बाकीच्या जातींना मात्र रंगावरून वेगळे करणे कठीण. कॉर्नमील अगार या मक्याच्या पिठाच्या माध्यमावरील पेशींची रचना आणि शर्करा वापरण्याची क्षमता यांवरूनही जात ठरवतात.

माल्डी-टॉफ यंत्र प्रथिनांच्या वस्तुमानाचा आलेख संग्रहातील आलेखांशी ताडून काही मिनिटांत नाव देते. अगदी जवळच्या जातींसाठी आयटीएस या डीएनए-भागाचा क्रम वाचतात. पॅराप्सिलोसिसमधून ऑर्थोप्सिलोसिस आणि मेटाप्सिलोसिस या जाती २००५ मध्ये वेगळ्या केल्या, त्याही जनुकीय फरकांच्या आधारेच.

उपचार नावावर अवलंबून असतात. क्रुसायवर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही आणि ग्लॅब्राटावर त्याचा प्रभाव कमी पडतो. नख सावकाश वाढते, औषध महिनोन्महिने घ्यावे लागते. चुकीच्या नावावर सुरू केलेल्या उपचारात तेवढे महिने वाया जातात.