‘आऊट ऑफ मेमरी’ची कुळकथा

एप्रिल उजाडला की ऐरोलीतल्या आमच्या लॅबमध्ये फायनल इयरच्या मुलांची रीघ लागते. परवा ठाण्याहून लोकलने आलेल्या एका मुलीने लॅपटॉप माझ्यापुढे उघडला. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची लाल अक्षरं सांगत होती, ७४.५ जीबीची अ‍ॅरे (म्हणजे आकड्यांची मांडणी) मागितली आहे, ती मर्यादेबाहेर आहे. "सर, रॅम आठची सोळा करून घेऊ? सीनियर म्हणतोय, पॅक कमांड चालव."

दोघांचंही बरोबर नव्हतं. पण पॅकचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या का चालत आलाय, हे कळायला थोडं मागे जायला हवं.

मॅटलॅबचा जन्म १९७० च्या दशकाच्या शेवटी, न्यू मेक्सिको विद्यापीठात झाला. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा न लिहिताही विद्यार्थ्यांना मॅट्रिक्सची, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांची, गणितं करता यावीत म्हणून क्लीव्ह मोलर यांनी ते घडवलं. त्यात प्रत्येक गोष्ट म्हणजे मॅट्रिक्स. हा स्वभाव आजही टिकून आहे, आणि त्या मुलीची चूकही त्यातूनच आली होती. तिला सिग्नलचे एक लाख नमुने ठेवायचे होते. शून्यांनी भरलेली मॅट्रिक्स देणाऱ्या झीरोज फंक्शनला तिने १००००० हा एकच आकडा दिला. मॅटलॅब त्याचा अर्थ एक लाख ओळी गुणिले एक लाख स्तंभ असा घेतं. एका आकड्याला ८ बाइट, म्हणून ७४.५ जीबी. पुढे स्वल्पविराम देऊन १ लिहिला की आठ लाख बाइटांत काम भागतं. सोळा जीबी रॅम घेऊनही ती एरर गेली नसती, आणि घरच्यांचे पैसे मात्र गेले असते.

आता पॅक. ३२ बिटांच्या संगणकांच्या काळात मेमरीतल्या जागांचे पत्ते मोजून ४ जीबीपुरतेच. त्यातले २ जीबी विंडोज स्वतःकडे ठेवायचं. अ‍ॅरेला मात्र सलग जागा लागते. दिवसभर काम करून मेमरीचे तुकडे पडले, की एकूण जागा शिल्लक असूनही मोठी अ‍ॅरे बसत नसे. पॅक सगळी व्हेरिएबल्स डिस्कवर उतरवून, मेमरी रिकामी करून, पुन्हा नीट रचायचं. त्या काळी हा उपाय रामबाण होता. २००६ मध्ये विंडोजवर ६४ बिटांचं मॅटलॅब आलं, २०१५ नंतर ३२ बिटांचं बंद झालं. पत्त्यांची टंचाई संपली, सल्ला तेवढा मागे राहिला.

तिच्या मैत्रिणीचं दुखणं खरं होतं. तिचा पुलाचा प्रोजेक्ट, एक लाख अज्ञात संख्या, त्यामुळे मॅट्रिक्स खरोखरच लाख बाय लाख. पण एका ओळीत शून्य नसलेले आकडे पन्नासेकच. त्यासाठी १९९२ पासून मॅटलॅबमध्ये स्पार्स मॅट्रिक्स आहे, शून्यं साठवायचीच नाहीत. हिशेब मांडून दाखवला, साधारण ८० एमबी. दोघींनी तिथेच, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर, कोड बदलायला घेतला.