ईसीजीची पट्टी: आधी पी लहर शोधा

ईसीजी वाचायला शिकताना नजर आधी उंच टोकांवर जाते. ती टोकं म्हणजे क्यूआरएस, हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरणाऱ्या विजेची खूण. पण लय ओळखायची तर त्याच्या आधीचा बुटका उंचवटा, म्हणजे वरच्या कप्प्यांची पी लहर, सापडायला हवी. नवशिक्यांचं बहुतेक चुकतं ते इथंच.

कागदावरचा लहान चौकोन १ मिलिमीटरचा, मोठा ५ चा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या नेहमीच्या वेगाने सरकला तर लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२ सेकंद. वेग पट्टीवर छापलेला असतो, तो आधी बघावाच. मशीन ५० वर राहिलं असेल, तर मिनिटाला ८० ठोके नेहमीच्या हिशेबाने ४० भरतात. ठोके नियमित असतील तर दोन क्यूआरएसमधल्या मोठ्या चौकोनांनी ३०० ला भागावं. अनियमित असतील तर ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे ६ सेकंदांतले, क्यूआरएस मोजून १० ने गुणावं.

आता पी. लीड २ मध्ये (लीड म्हणजे ठरावीक इलेक्ट्रोडांमधून घेतलेली हृदयाच्या विजेची एकेक नोंद) ती सरळ उभी, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक, आणि पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पीआर अंतर, ३ ते ५ लहान चौकोन, हे ठीक. क्यूआरएसची रुंदी ३ लहान चौकोनांच्या आत हवी.

मोजायला कोऱ्या कागदाची कड पुरते. तिच्यावर लागोपाठच्या पींच्या खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवत न्यायचा. समजा पी दर २० लहान चौकोनांवर येते आहे. पीआर अंतर ५, मग ७, मग ८. चौथी पी वेळेवर आली, पण तिच्यामागे क्यूआरएसच नाही. पुढच्या पीला अंतर पुन्हा ५. हा वेंकेबाख ब्लॉक; ब्लॉक म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली जाणारी वीज वाटेत अडणं. गंमत अशी की पीआर वाढत असताना क्यूआरएसमधलं अंतर मात्र २२ वरून २१ वर येतं, कारण वाढच दर वेळी कमी होत जाते. कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरांनी हा नमुना १८९९ मध्ये निव्वळ नाडीच्या आलेखावरून ओळखला होता. विलेम आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र त्यानंतरचं!

पीआर अजिबात न वाढता क्यूआरएस अचानक गळाला, तर तो मोबिट्झ २. दिसायला फरक एवढासा, पण हा पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो आणि बहुधा पेसमेकर लागतो. म्हणूनच अंदाजाने न सांगता चौकोन मोजायचे.

पी कुठेच नाही आणि ठोक्यांत कसलाच नेम नाही, तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीचा, विचार करावा. एट्रियल फ्लटरमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नियमित पण फार वेगाने चालतात तेव्हा, मिनिटाला साधारण ३०० लाटा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. पार्किन्सनच्या पेशंटचा हात सेकंदाला पाचएक वेळा थरथरतो, म्हणजे मिनिटाला तेवढाच! त्यामुळे कंपाचा फ्लटर वाटतो. उजवा हात थरथरत असेल तर लीड ३ बघावी. तिच्यात तो हात येतच नाही, म्हणून ती बऱ्यापैकी स्वच्छ निघते. प्रत्येक लहान चौकोनात दोन बारीक लाटा दिसल्या तर ती भिंतीतल्या ५० हर्ट्झ विजेची भेसळ समजावी. इलेक्ट्रोड नीट चिकटवून, वायरी सोडवून पट्टी पुन्हा काढावी. रुंद आणि वेगवान लाटा दिसल्या तर मात्र मोजत न बसता आधी पेशंटकडे बघायचं: बोलतोय का, नाडी लागते का.

सगळ्यात जास्त चकवतो तो १५० चा ठाम वेग. क्यूआरएस अरुंद, नियमित, पेशंट पडून असला तरी आकडा हलत नाही. अशा वेळी दोन क्यूआरएसच्या बरोबर मध्ये, टी लहरीच्या (क्यूआरएसनंतरच्या उंचवट्याच्या) आसपास, दुसरी लाट दडली आहे का ते लीड २, ३ आणि छातीवरच्या व्ही १ मध्ये तपासावं. फ्लटरमधली दर दुसरी लाट एव्ही नोडवर, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या नाक्यावर, अडते तेव्हा हाच वेग येतो, आणि मशीनने वर छापलेलं ‘सायनस टॅकिकार्डिया’ (नेहमीचीच लय, फक्त वेगवान) चुकीचं असू शकतं.