जुन्या मिक्सटेपचा आवाज बसका का येतो?

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी पोरांचं पॉप संगीत फिरलं ते कॅसेटवरून. वॉकमन १९७९ मध्ये जपानमध्ये आला, वर्षभरात अमेरिकेत पोहोचला, आणि १९८३ पर्यंत तिथे कॅसेटच्या खपाने एलपी तबकड्यांना मागे टाकलं. रेडिओवरची किंवा मित्राच्या एलपीवरची गाणी ९० मिनिटांच्या सी-९० कॅसेटवर उतरवून घ्यायची, कार्डावर बारीक अक्षरात नावं लिहायची आणि टेप आवडत्या माणसाच्या हातात द्यायची, हा त्या पिढीचा उद्योग. आता साठीकडे झुकलेली ती मंडळी हौसेने जुनी टेप लावतात, तर झांजांची, सिंथेसायझरची चमक गायब. टेप मेली म्हणून ती कचऱ्यात जाते. अनेकदा ती ठणठणीत असते. चुकलेला असतो हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला सरकते जेमतेम ४.७६ सेंटिमीटर. त्यामुळे १०,००० हर्ट्झ आवाजाची अख्खी लहर फितीवर ४.७६ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. स्टिरिओच्या एका ट्रॅकची रुंदी साधारण ०.६ मिलिमीटर. हेडमधली बारीक फट फितीला काटकोनात हवी. ती अर्धा अंश जरी कलली, तरी ट्रॅकच्या वरच्या कडेला लहरीचा एक भाग वाचला जातो आणि खालच्या कडेला भलताच. दोन्ही एकमेकांना मारतात आणि वरचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. बासच्या लहरी शंभरपट लांब असल्याने त्याला धक्का लागत नाही.

घरी भरलेल्या टेपची आणखी एक गोम आहे. ती भरणाऱ्या डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवण्या-भरण्याच्या यंत्राचं, हेडच तिरकं असेल, तर ती त्याच तिरक्या कोनात नीट वाजते आणि अचूक लावलेल्या डेकवर बसकी. म्हणून प्रत्येक मिक्सटेपसाठी कोन नव्याने लावावा लागतो. नाकामिची कंपनीचा ‘ड्रॅगन’ डेक हे काम आपोआप करायचा. बाकीच्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा.

आधी सफाई. हेड, फीत ओढणारा धातूचा दांडा (कॅप्स्टन) आणि त्यावर फीत दाबणारं रबरी चाक (पिंच रोलर) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. दोन-चार मिनिटं सुकू द्या. मग डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी डेकमधली सोय) बंद करून झांजा वाजत असलेला भाग लावा. हेडच्या एका बाजूला, बहुधा खाली स्प्रिंग असलेला आणि रंगाच्या थेंबाने पक्का केलेला स्क्रू दिसेल. त्याची मूळ जागा खूण करून ठेवा आणि एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, इतकाच फिरवा. पहिल्यांदा स्टिरिओत, सर्वांत लखलखीत आवाज येईल तिथे थांबा. त्यानंतर मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र) करून केसभर सुधारणा. मोनोत चूक लवकर कळते, पण सुरुवातच तिथून केली तर खोट्या जागी आवाज जमल्यासारखा वाटतो.

डॉल्बीचा निर्णय यानंतरच. डॉल्बी बी हा प्रकार भरताना हळू आवाजातले वरचे सूर वाढवतो आणि वाजवताना तेवढेच दाबून सरसर कमी करतो. कोन चुकलेला असला तर आधीच मंद झालेले सूर तो आणखी दाबतो. डॉल्बीशिवाय भरलेली टेप डॉल्बी लावून ऐकली तरी तोच प्रकार.

कोन लावूनही आवाज येतो-जातो? कॅसेटच्या तोंडाशी, हेडसमोरचा नमद्याचा चौकोनी तुकडा बघा. जुना गोंद सुकून तो गळून पडतो आणि फीत हेडला टेकत नाही. अशा वेळी पाच स्क्रूंचं नवं कवच आणून दोन्ही रिळं त्यात बसवा. प्लॅस्टिकचे सरक-कागद आणि कोपऱ्यातली चाकं विसरू नका. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातं फिरवून उघडावं लागतं. गाणं लांबत, डुलत वाजत असेल तर दोष बहुधा डेकच्या सैल बेल्टचा. सगळ्या टेप तशाच वाजल्या की खात्री समजा. सी-१२० ची फीत जेमतेम ९ मायक्रॉनची, ती गुंतते फार. तिला वेगाने मागेपुढे पळवू नये.

संगणकावर घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या ऑटोरिव्हर्स डेकमध्ये दोन्ही दिशांचा कोन सहसा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूसाठी कॅसेट हाताने उलटवा आणि एकाच दिशेने वाजवा. काम संपलं की स्क्रू मूळ खुणेवर परत आणा, नाहीतर पुढची दुकानातली कॅसेट बसकी वाजेल.