'निप/टक'च्या ऑपरेशन थिएटरात घड्याळ का नाही?

एफएक्स या अमेरिकी केबल वाहिनीवर २२ जुलै २००३ रोजी 'निप/टक' सुरू झाली आणि ३ मार्च २०१० रोजी शंभराव्या भागावर थांबली. मायामीत भागीदारीत प्लास्टिक सर्जरीचा दवाखाना चालवणारे शॉन मॅकनमारा आणि ख्रिश्चन ट्रॉय हे दोन जुने मित्र, त्यांची भूलतज्ज्ञ लिझ क्रूझ, आणि प्रत्येक भागाला नाव त्या भागातल्या पेशंटचं. रायन मर्फीच्या या मालिकेतल्या लैंगिक आणि हिंसक प्रसंगांवर टीव्ही कार्यक्रमांवर नजर ठेवणाऱ्या पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संघटनेने टीकेची झोड उठवली, तर २००५ साली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोबही तिलाच मिळाला. भल्याभल्यांना मान फिरवायला लावली ती मात्र ऑपरेशन थिएटरातल्या, म्हणजे ओटीतल्या दृश्यांनी. त्यासाठी लागणारी कापता येणारी, रक्ताळणारी नकली त्वचा इतकी हुबेहूब होती की २००४ साली प्रोस्थेटिक मेकअपचा एमी पुरस्कार या मालिकेने पटकावला.

ती दृश्यं भडक असली तरी खोटी म्हणता येणार नाहीत. नाक नीट करताना खरोखर छिन्नी-हातोडी चालते, चरबी काढताना सर्जनचा हात खरोखर सुतारासारखा मागे-पुढे चालतो. खोट आहे ती वेळेची. मागे एक गाणं लागतं आणि ते संपेपर्यंत ऑपरेशन उरकतं. प्लास्टिक सर्जरीत मात्र बरंचसं यशापयश ठरतं ते सुरी खाली ठेवल्यावर: औषध भिनेपर्यंत थांबताना, पहिल्या रात्री, तिसऱ्या आठवड्यात. पेशंट दगावतो किंवा विद्रूप होतो तोही बहुतेक वेळा याच न दाखवलेल्या वेळेमुळे.

सुरी उचलण्याआधीच्या वेळेबद्दल थोडक्यात. "स्वतःतलं तुम्हाला काय आवडत नाही ते सांगा," असं विचारून मालिकेतले डॉक्टर सल्लामसलत सुरू करतात. नाट्यासाठी वाक्य झकास आहे, तपासणीसाठी अपुरं. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाच्या मानसिक विकारात माणसाला इतरांना न दिसणारं किंवा अगदी किरकोळ व्यंग अक्राळविक्राळ वाटतं. सर्वसाधारण लोकांत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं, कॉस्मेटिक सर्जरीसाठी येणाऱ्यांत त्याच्या कित्येक पट. अशा माणसाचं नाक कितीही सुरेख केलं तरी समाधान होत नाही. एक तर तो त्याच नाकासाठी पुन्हा येतो, नाही तर हनुवटीकडे वळतो. म्हणून जाणते सर्जन वेगळं विचारतात: या गोष्टीचा विचार दिवसातून किती वेळ मनात असतो? त्यापायी कामावर जाणं, लोकांत मिसळणं टाळता का? याआधी कुठे, किती शस्त्रक्रिया झाल्या? रोजचा तासाभराहून जास्त वेळ त्यात जात असेल, तर पेशंटला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हेच योग्य. या विकारावर बोलण्यातून केलेले उपचार आणि काही नैराश्यविरोधी औषधं लागू पडतात, शस्त्रक्रिया सहसा नाही.

आता लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी खेचून काढणं. पडद्यावर एक जाड नळी पोटात खुपसतात आणि काचेच्या बाटलीत पिवळा-लाल गाळ जमायला लागतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरायला सुरुवात केली आणि चरबी खेचताना नसा-रक्तवाहिन्या कमी तुटू लागल्या. तरी कोरड्या पद्धतीत काढलेल्या गाळाचा २० ते ४५ टक्के भाग रक्ताचाच असे. हे चित्र बदललं ते कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांच्या ट्युमेसंट पद्धतीने. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत चरबी खेचण्याआधी तिच्यात भरपूर पातळ द्रावण भरतात. मग रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येतं.

द्रावणाची कृती साधी आहे. एक लिटर नॉर्मल सलाईन, त्यात ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन, एक मिलिग्रॅम ॲड्रिनालिन, आणि टोचताना आग होऊ नये म्हणून सुमारे १० मिलिइक्विव्हॅलंट सोडाबायकार्ब. ॲड्रिनालिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लिग्नोकेनने भाग बधिर होतो. द्रावण भरलं की त्वचा टणक फुगते आणि पांढुरकी पडते. इथे २० ते ३० मिनिटं थांबायचं असतं. घाईत लगेच नळी घातली तर रक्तवाहिन्या आकसलेल्याच नसतात. गाळ लालभडक येतो आणि दुसऱ्या दिवशी मांड्या काळ्यानिळ्या होतात.

त्याहून नाजूक हिशेब लिग्नोकेनचा. दवाखान्यात टाके घालताना ॲड्रिनालिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. ट्युमेसंटमध्ये किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे: त्याच माणसाला २१००, पाच पट! हे चालतं कारण द्रावण फार पातळ असतं, चरबीत रक्तपुरवठा मुळात कमी, आणि लिग्नोकेन चरबीत मुरून हळूहळू बाहेर पडतं. पण हळूहळू म्हणजे किती? रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण १२ ते १४ तासांनी. सकाळी दहाला झालेल्या ऑपरेशनचा धोका रात्री अकरा-बाराला माथ्यावर येतो, तेव्हा पेशंट बहुधा घरी झोपलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, बरळणं, स्नायू उडणं ही विषबाधेची पहिली पायरी. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. यावरचा उतारा म्हणजे शिरेतून द्यायचं २० टक्के चरबीचं पांढरं इमल्शन. ते रक्तातलं लिग्नोकेन आपल्यात ओढून घेतं.

चुका होतात त्या बहुतेक बेरजेच्या. लिटरमागे १००० मिलिग्रॅमचं द्रावण केलं तर ६० किलोला जेमतेम दोन लिटर पुरतात. पोट, कंबर, मांड्या एकाच बैठकीत उरकायच्या म्हणून चार लिटर भरले की मात्रा मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय लिग्नोकेन यकृतात मोडतं. पेशंट क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा किटोकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध घेत असेल तर ते मोडणं मंदावतं. त्यामुळे ऑपरेशनआधी सगळ्या औषधांची यादी विचारतात. सर्दीपडशाची गोळीही लपवू नये.

नळी साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची. एक हात ती चालवतो आणि दुसरा हात कातडीवर सपाट ठेवून टोक कुठे आहे ते सतत चाचपतो. खरं कौशल्य या दुसऱ्या हातात. टोक फार वर आलं तर त्वचेखाली खाचा पडतात आणि त्या कायमच्या राहतात. फार खाली गेलं तर पोटाची भिंत फुटून आतडं भोसकलं जाऊ शकतं. जुना हर्निया किंवा आधीच्या ऑपरेशनचा व्रण असेल तिथे हे हटकून लक्षात ठेवावं लागतं. आतडं फुटल्याचं ओटीत कळतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि पोटदुखी वाढते, आणि "ऑपरेशननंतर दुखणारच" म्हणून ती अंगावर काढली जाते. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक सर्जननी दिलेल्या माहितीवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लायपोसक्शनमध्ये साधारण पाच हजारांत एक मृत्यू आढळला. त्यात सर्वांत मोठा वाटा फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचा होता, म्हणजे पुन्हा ओटीबाहेरचंच कारण.

वजन कमी करायला लायपोसक्शन करू नये, हे सर्जन सांगून थकतात. २००४ साली सेंट लुईसच्या सॅम्युएल क्लाइन यांनी (वरचे क्लाइन वेगळे) १५ लठ्ठ स्त्रियांच्या शरीरातून प्रत्येकी ९-१० किलो चरबी काढून दहा-बारा आठवड्यांनी तपासणी केली. इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नव्हतं. मधुमेहाला कारण होणारी चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात असते. तिथे नळी पोहोचत नाही आणि पोहोचताही कामा नये.

मालिका जिथे सुरू होते त्या मायामीची पुढची कहाणी पटकथेत शोभावी अशी आहे. काढलेली चरबी नितंबांत भरायची शस्त्रक्रिया, जिला ब्राझिलियन बट लिफ्ट म्हणतात, तिचं दक्षिण फ्लोरिडा हे केंद्र बनलं. २०१० ते २०२२ या काळात तिथे या शस्त्रक्रियेत चरबी रक्तात गेल्याने २५ जणी दगावल्या. शरीररचना पाहिली की कारण समजतं. नितंबाच्या मोठ्या स्नायूच्या आत आणि खाली रुंद पण पातळ भिंतींच्या शिरा आहेत. नळीने त्या फाटल्या की दाबाखालची चरबी शिरेत शिरते, तिथून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि फुप्फुसात. पेशंट कित्येकदा टेबलावरच किंवा काही तासांत जातो आणि त्याला उतारा नाही. चरबी फक्त त्वचेखालच्या थरात राहिली तर हा रस्ताच बंद होतो. म्हणून फ्लोरिडाच्या वैद्यक मंडळाने २०१९ साली स्नायूत चरबी टोचायला बंदी घातली. तरी मृत्यू थांबले नाहीत. आपण त्वचेखालीच आहोत असं वाटणारं टोक काही अंश कललं तरी स्नायूत उतरतं, आणि एकामागून एक पेशंट उरकणाऱ्या स्वस्त दवाखान्यांत सर्जनचा हात थकतो. २०२२ साली मंडळाने चरबी भरताना सोनोग्राफीवर नळीचं टोक बघणं सक्तीचं केलं आणि एका सर्जनला दिवसाला तीनच अशा शस्त्रक्रियांची मर्यादा घातली. माझ्या मते दुसरा नियम पहिल्याइतकाच वैज्ञानिक आहे.

त्वचा सोलून दुसरीकडे बसवण्याच्या शस्त्रक्रियांत वेळेचा अर्थ आणखी स्पष्ट होतो, आणि त्याचा जुना दाखला आपल्या पुण्याजवळचा आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याचं तपशीलवार वर्णन छापून आलं. नाकाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारून तेवढी कातडी सोलायची. पण दोन भुवयांमधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची आणि कातडी फिरवून खाली आणायची. चिकटवायला काताचा लेप, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड, दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ चिंध्या. आणि ती जोडपट्टी कापायची सुमारे २५ व्या दिवशी. तोवर कपाळाकडून येणाऱ्या रक्तावर नवं नाक जगतं, दरम्यान कडेने नवीन केशवाहिन्या शिरतात. आज हीच शस्त्रक्रिया भुवईजवळच्या धमनीवर बेतून करतात आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. घाई केली तर टोक काळं पडतं. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली ती शस्त्रक्रिया केली.

फेसलिफ्टमध्ये, म्हणजे सैल पडलेला चेहरा ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, कानापुढून-मागून चीर देऊन गालाची त्वचा अशीच मोकळी करतात. फरक इतकाच की तिला नाव असलेली धमनी नसते, बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरच ती तगते. नुसती त्वचा ताणून शिवली तर चेहरा वाऱ्यात धरल्यासारखा दिसतो आणि व्रण रुंदावतात. म्हणून १९७६ पासून, पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्वचेखालचा तंतुमय थर दाखवून दिल्यापासून, ताण त्या थरावर देतात आणि त्वचा वर सैलसर बसवतात. चेहऱ्याची हालचाल करणारी नस या थराखाली असते. खोली चुकली तर ओठाचा कोपरा किंवा भुवई लुळी पडते, बहुतेकदा काही आठवड्यांपुरती, क्वचित कायमची. मालिकेत हे कापणं-शिवणं दोन मिनिटांत होतं. प्रत्यक्षात तीन ते पाच तास जातात.

धूम्रपान इथे थेट नडतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. १९८४ च्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत फेसलिफ्टनंतर त्वचा मरण्याचा धोका सुमारे १२ पट आढळला. आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस सिगारेट बंद, निकोटिनच्या च्युइंगगमसकट.

सर्वांत नेहमीची गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली साचणारं रक्त. पुरुषांत ती जास्त दिसते, कारण दाढीच्या केसांच्या मुळांशी रक्तपुरवठा जास्त. बहुतेकदा ती पहिल्या २४ तासांत होते. भूल उतरताना खोकला येतो, उलटी होते, दुखतं, लघवी तुंबते आणि रक्तदाब चढतो. त्यामुळे वरचा रक्तदाब १४०-१५० च्या खाली ठेवणं, डोकं उंचावर ठेवणं आणि उलटीचं औषध आधीच देणं ही पहिल्या रात्रीची खरी कामं. आत बसवलेली रक्त वाहून नेणारी नळी, म्हणजे ड्रेन, असला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. रक्त गोठलं की ते नळीतून उतरत नाही. एकाच गालावर अचानक वाढलेलं दुखणं, ठणकणारी सूज किंवा गिळायला त्रास असं काही झालं, तर सकाळची वाट न पाहता बँडेज सोडून बघायचं, टाके उघडून गुठळी काढायची आणि मग रक्त कुठून येतंय ते शोधायचं.